गेर्लिंगेनमधली तांदळाची चांदणी

२० ऑगस्ट २००५, शनिवार

काम एकच होतं, तांदळाचं पीठ आणायचं. जर्मनीत रविवारी दुकानं उघडत नाहीत. सोमवारी संध्याकाळी घरमालकीणबाई जेवायला यायच्या होत्या आणि त्या जेवणावर माझ्या मुलीचं घर अडलं होतं.

मंजिरी, माझी मुलगी, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेन नावाच्या गावात एका मोठ्या कंपनीत इंजिनीअर आहे. गाव छान आहे. वर डोंगरावर जंगल, उतारावर द्राक्षांचे मळे, खाली लाल कौलांची घरं आणि पिवळी उ-बान, म्हणजे आपल्याकडे कुठेच नाही अशी वेळेवर येणारी ट्राम. फ्राउ हेबर्ले नावाच्या सत्तरीच्या बाईंच्या घरात पहिल्या मजल्यावर मंजिरी एका खोलीत राहत होती. समोरच्या खोलीत लिन नावाची चिनी मुलगी, तीही इंजिनीअर. दोघींत मिळून एक स्वयंपाकाचा कोपरा. त्याला खिडकी नाही, दार थेट जिन्यात उघडतं.

जावई रोहित आणि चार वर्षांचा नातू ईशान पुण्यात. मंजिरी इथे येऊन वर्ष झालं होतं. त्यांना व्हिसा हवा तर कुटुंबाला पुरेल एवढ्या घराचा भाडेकरार दाखवावा लागतो, एका खोलीवर काम भागत नाही. दुसऱ्या मजल्यावरचं तीन खोल्यांचं घर सप्टेंबरअखेर रिकामं होणार होतं. ते बँकेतल्या कुणा गृहस्थांनाही हवं होतं. फ्राउ हेबर्ले बुधवारी ठरवणार होत्या आणि त्यांनी मंजिरीला तोंडावर सांगितलं होतं, "मुलगी तू चांगली आहेस. पण वास!"

झालं होतं असं की मंजिरीच्या आधी त्या खोलीत एक भारतीय मुलगा राहायचा. तो मासे तळायचा. जिन्यातला वास नाताळपर्यंत गेला नाही म्हणे.

"त्यांना जेवायला बोलाव," मी म्हटलं.

"आई, वासावरूनच भांडण आहे आणि तू जेवायला बोलावतेस?"

"फोडणी नसलेलं जेवण करू. शिरवाळे."

माझा कुडाळला पापड-कुरडयांचा छोटा उद्योग आहे. पावसाळ्यात उन्हाअभावी तो बंदच असतो, म्हणून तर मी ऑगस्टमध्ये परदेशी जाऊ शकले. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या पिठाची उकड काढून, तिचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवून, गरम असतानाच सोऱ्यातून पाडलेल्या शेवया. वर नारळाचं दूध, गूळ आणि वेलची. तेलाचा थेंब नाही, मोहरी नाही, हिंग नाही. गूळ मी घरून नेलेला होता. राहिलं फक्त पीठ.

ते स्टुटगार्टमधल्या एशियन दुकानात मिळेल असं मंजिरी म्हणाली. तिथल्या पिशव्यांवर चिनी अक्षरं असतात हे कळल्यावर आदल्या दिवशी मी लिनला गाठलं. लिनचं आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

"आंटी, तांदूळ सोपा," ती म्हणाली आणि तिने वर्तमानपत्राच्या कडेला काढून दाखवला: 米. आपण लहानपणी काढायचो तशी आठ टोकांची चांदणी. "पण आधी असा नव्हता." तिने एक आडवी रेघ मारली. रेघेवर तीन ठिपके, रेघेखाली तीन ठिपके. तीन हजार वर्षांपूर्वी हाडांवर कोरलेला तांदूळ म्हणे असा होता. ठिपके म्हणजे दाणे. रेघ म्हणजे काय यावर पंडितांचं एकमत नाही. कुणी म्हणतं चाळणी, कुणी म्हणतं लोंबीचा दांडा. पुढे मधले वरचे-खालचे दाणे एकमेकांना जोडले गेले, त्यांची उभी रेघ झाली आणि चांदणी तयार झाली.

मी चाळणीच्या बाजूने आहे. कणी वर राहते, चूर खाली जातो. रोज बघते.

मग लिनने खरी गंमत सांगितली. ही चांदणी एकटी असली की तांदूळ. पण ती दुसऱ्या अक्षरांच्या अंगाला चिकटूनही बसते, बहुधा डावीकडे. तिला इंग्रजीत रॅडिकल म्हणतात. ती डावीकडे दिसली की समजायचं, हा शब्द तांदळाच्या घरातला. उजवीकडचा भाग बहुतेक वेळा उच्चार सुचवतो. पीठ या शब्दात चांदणी. वड्या-केकच्या शब्दात चांदणी. साखरेत चांदणी, कारण पूर्वी गोड पाक धान्यापासून काढत. पेजेच्या शब्दात चांदणी मधोमध आणि दोन्ही बाजूंना धनुष्यासारख्या वळलेल्या रेघा. त्या मुळात धनुष्यं नव्हेत, भांड्यातून निघणारी वाफ. पेज खाणाऱ्या मुलखातल्या मला ते फारच पटलं.

तर शनिवारी मी दुकानात एकटीच शिरले. मंजिरीला औषधाच्या दुकानात काम होतं. पिठांची अख्खी भिंत होती. मी चांदणी शोधली, दोन मिनिटांत सापडली. 木薯粉. शेवटच्या अक्षराच्या डावीकडे स्पष्ट चांदणी. पांढरंशुभ्र, मऊसूत पीठ. दोन पिशव्या घेतल्या. मागे जर्मन चिठ्ठी चिकटवलेली होती, ती मी मंजिरीला दाखवली नाही. जर्मन मला येत नव्हतं आणि चिनी येतं असा माझा समज झाला होता.

रविवार

सकाळी आधी जिना झाडला. या भागात केअरवोख नावाची पद्धत आहे. आठवड्याच्या पाळीने प्रत्येक भाडेकरूने जिना, अंगण आणि रस्त्याची कडा झाडायची, आणि पाळी कुणाची हे कळावं म्हणून दारावर पाटी अडकवायची. नावातच केर आहे म्हटल्यावर मला वेगळं समजावावं लागलं नाही. आपल्या इमारतींतून अशी पाटी लावली तर दुसऱ्या दिवशी पाटीच नाहीशी होईल.

मग दुपारी रंगीत तालीम घेतली. पाणी उकळलं, मीठ घातलं, पीठ घातलं, ढवळलं. ते पांढरं राहीना. बघता बघता काचेसारखं पारदर्शक झालं आणि डाव धरून बसलं. डाव उचलला तर पातेलं बरोबर वर आलं.

"आई, हे काय आहे?"

"चीक," मी म्हटलं. कुरडयांचा चीक मी आयुष्यभर घोटला आहे, ओळखायला वेळ लागला नाही. "पीठ नाहीच हे. सत्त्व आहे कसलंतरी."

मंजिरीने पिशवी उलटी करून जर्मन चिठ्ठी वाचली आणि कपाळाला हात लावला. "टॅपिओका स्टार्च. आई, तू साबुदाण्याच्या कंदाची खळ आणलीयेस. काल मला विचारलं का नाहीस?"

"चांदणी होती ना त्यावर!"

"चांदणी! बुधवारी त्या बँकवाल्याला घर देतील आणि आपण चांदण्या मोजत बसू."

तिचा आवाज चढला तशी लिन डोकावली. पातेलं बघून आधी ती पोट धरून हसली, आणि मग पिशवी हातात घेऊन खाली बसली.

"आंटी, चूक माझी. मी अर्धंच सांगितलं. चांदणी म्हणजे आडनाव. आडनावावरून घर कळतं, माणूस कळत नाही."

मग तिने नीट सांगितलं, आणि ते मी इथे सांगते, कारण आपल्याकडच्या कुणालाही एशियन दुकानात उपयोगी पडेल. हे जे 粉 अक्षर आहे, त्याचा जुना अर्थ तोंडाला लावायची पावडर. ती तांदूळ दळून करत, म्हणून तांदळाच्या घरात गेली. पुढे जे जे म्हणून बारीक दळलेलं, ते सगळं त्याच नावाने त्याच घरात राहायला आलं. दुधाची पावडर, धुण्याची पावडर, फळ्यावरचा खडूसुद्धा.

"धुण्याच्या पावडरीत तांदूळ?"

"नावात आहे, डब्यात नाही."

घरातले सगळे सारखे नसतात हेही तिने दाखवलं. भरड आणि ओबडधोबड यांचा शब्द याच घरातला. आणि सडून-निवडून स्वच्छ केलेल्या तांदळाचा शब्दही याच घरातला. त्याचा अर्थ वाढत वाढत कुठल्याही गोष्टीचं सार, अगदी माणसातलं चैतन्य, इथवर गेला. एकाच घरात एक राकट निघाला आणि एक ज्ञानी. असं घर आपल्या नात्यात प्रत्येकाला माहीत असतं.

"मग पिशवी ओळखायची कशी?"

"शेवटच्या अक्षराच्या आधी कोण उभं आहे ते बघायचं." माझ्या पिशवीवर आधी झाड होतं आणि मग डोक्यावर गवताची खूण असलेलं अक्षर. म्हणजे झाडाचा कंद, त्याचा चुरा. मला हवं होतं ते: शेवटी पीठ, त्याच्या आधी एकटी चांदणी. आणि त्याच्याही आधी अजून एक चांदणीवालं अक्षर असेल, तिथे खरी मेख. त्याच्या उजव्या अंगाला वर पाऊस आणि खाली लोंबती दाढी असेल तर तो चिकट तांदूळ, शिरवाळ्यांचा लगदा होणार. उजवीकडे नुसती पेटी आणि पेटीवर छोटा झेंडा असेल तर आपला साधा तांदूळ. 糯 आणि 粘. मी दोन्ही वीस-वीस वेळा गिरवली.

पातेल्यातलं मात्र टाकलं नाही. पाणी घालून पातळ केलं, गाळलं आणि मंजिरीच्या पांढऱ्या टेबलक्लॉथला खळ घातली. इस्त्री केल्यावर तो पापडासारखा उभा राहिला.

सोमवार

मंजिरी आणि लिन कामावर गेल्या. मी उ-बानने एकटी स्टुटगार्टला गेले. जाताना द्राक्षांचे मळे, मग कारखाने, मग चढ-उताराच्या गल्ल्या. ट्राममध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, पण समोरच्या आजोबांनी माझ्या चपलांकडे पाहून आभाळाकडे बोट केलं. पाऊस येणार होता. आलाही.

दुकानाची मालकीण व्हिएतनामी होती. मंजिरीने पाठ करून घेतलेला शब्द मी म्हटला, "राइसमेल." तिने हसून खालच्या फळीवरून हिरव्या अक्षरांची पिशवी काढून माझ्या हातात दिली. चिठ्ठीवर तो शब्द होताही, फक्त त्याच्या पुढे चार अक्षरं जास्त जोडलेली. जर्मन लोकही शब्दांना शब्द चिकटवतात, त्यांची ती सवय मला आठ दिवसांत कळली होती. मी पिशवी पालथी करून चिनी अक्षरं बघितली. पहिल्याच अक्षराच्या उजवीकडे वर पाऊस, खाली दाढी.

"नाइन," म्हणजे नाही, मी म्हटलं.

"राइसमेल!" ती म्हणाली. तिच्याकडे येणाऱ्या बायका लाडू-गोळ्यांसाठी तेच नेत असणार.

मी वाकून फळी बघितली. मागच्या रांगेत लाल अक्षरांची पिशवी होती. चांदणी आणि पेटी, पेटीवर झेंडा. मग चांदणी एकटी. मग पीठ. मी ती उचलून तिच्यासमोर ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं, अक्षरांकडे पाहिलं आणि बहुधा चिनी भाषेत काहीतरी लांबलचक विचारलं. बहुतेक मी कुठे शिकले असं असेल. मी "कुडाळ" एवढंच सांगितलं. आयुष्यात पहिल्या नंबराने पास झाले तेव्हाही इतक्या ताठ मानेने मी घरी गेले नव्हते.

पीठ अस्सल निघालं. उकड पांढरीशुभ्र, हाताला न चिकटणारी. एक अडचण मात्र राहिली होती, सोऱ्या. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात खिळ्याला फ्राउ हेबर्लेंचं एक यंत्र अडकवलेलं असे, दोन लांब दांड्यांचं आणि तळाला भोकं असलेलं. इथले लोक त्यातून श्पेट्झले नावाच्या कणकेच्या जाड शेवया थेट उकळत्या पाण्यात पाडतात. सोऱ्याची मावसबहीण. मी ते घासून ठेवलं.

साडेसहाच्या ठोक्याला फ्राउ हेबर्ले आल्या. उंच, हाडापेराने मजबूत. जिन्यातच थांबून त्यांनी नाकाने मोठा श्वास घेतला. वास नव्हता. बसल्यावर टेबलक्लॉथचा कोपरा बोटांत चुरून पाहिला आणि मंजिरीला विचारलं, खळ कशाची? मंजिरीने सांगितलं.

"आल्झो," म्हणजे अस्सं, बाई म्हणाल्या, आणि क्लॉथ पुन्हा सरळ केला.

मी पहिला गोळा यंत्रात घातला आणि दाबला. उकडीचा गोळा कणकेपेक्षा घट्ट, यंत्र करकरलं, शेवई बोटभर बाहेर आली आणि अडकली. दुसऱ्यांदा जोर लावला, तर ताटलीच सरकली. तेवढ्यात फ्राउ हेबर्ले उठल्या.

"त्या म्हणतायत कोपर वर घे," मंजिरी म्हणाली. "आणि पोटाशी धर. आणि… त्या म्हणतायत सोड, मी करते."

त्यांनी बाह्या वर केल्या. एका दमात सगळा गोळा खाली. लांब, अखंड, पांढऱ्या शेवयांचं भेंडोळं. मी गोळे देत गेले, त्या पाडत गेल्या. एकमेकींची भाषा येत नव्हती आणि लागलीही नाही. जेवायला आलेल्या लिनने ताट बघून टाळी वाजवली. तिच्या गावी सकाळी हेच खातात, फक्त तिखट रश्शात, आणि त्यालाही तेच 粉 म्हणतात.

बाई दोनदा वाढून घेऊन जेवल्या. मग त्यांनी मंजिरीला विचारलं, ही चिनी मुलगी आणि तुझी आई कसल्या चांदणीबद्दल बोलतायत? मला हेच हवं होतं. मी टेबलावर सुरी आडवी ठेवली, वर तीन तांदूळ मांडले, खाली तीन. मंजिरी जर्मनमध्ये सांगत गेली. लिनने सांगितलं, चिनी शब्दकोशही असाच लावलेला असतो. उच्चार माहीत नसला तरी चालतं. आधी शब्दाचं घर शोधायचं, मग उरलेल्या रेघा मोजून त्या मजल्यावर जायचं.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, फ्राउ हेबर्ले म्हणाल्या. त्यांना व्यवस्था पसंत पडली. "आणि श्पेट्झले? तेही तांदळाच्या घरात?"

"नाही. गव्हाचं घर वेगळं आहे," लिन म्हणाली आणि काढून दाखवलं.

"वेगळं. बरं झालं."

मग त्यांनी हात पुसले आणि मुद्द्यावर आल्या. मंजिरीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही नेहमी असंच जेवण करता? असं, बिनवासाचं?"

मंजिरीने हो म्हणायला तोंड उघडलं. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी तिचा हात दाबला.

"नाही म्हणून सांग."

"आई!"

"सांग. रोज फोडणी करतो. मोहरी, हिंग, लसूण. तुझा नवरा रविवारी मासे मागेल तेही सांग. नाहीतर नोव्हेंबरात आपण खोटे ठरू."

मंजिरीने सांगितलं. बाईंचा चेहरा कठोर झाला. लिन खाली बघू लागली.

"आता हे सांग," मी म्हटलं. "परवा मी पिशवीवर चांदणी बघितली आणि तांदूळ समजून घेतली. आत निघाली खळ. चांदणीवरून घर कळतं, आतला माल कळत नाही. यांनी एक भारतीय मुलगा बघितला. तो घरातलाच, पण तो म्हणजे माझी मुलगी नव्हे. आणि त्याचाही दोष निम्माच. या कोपऱ्याला खिडकी नाही. इथे यांनी स्वतः कांदा परतला तरी जिन्यात जाणार. वरच्या घराच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे, दारही आहे. मुलगी वर गेली की जिन्यातला वास थांबेल. बँकवाल्या माणसाला वर दिलंत तर ही इथेच शिजवत राहणार, जिन्याच्या तोंडावर."

मंजिरी थांबत थांबत, काही शब्द गिळत बोलली. बाईंनी तिला एक वाक्य पुन्हा बोलायला लावलं. मग उठल्या आणि जिना चढू लागल्या. आम्ही मागोमाग. वरचे भाडेकरू सुट्टीवर गेले होते. बाईंनी किल्लीने दार उघडलं, स्वयंपाकघरात जाऊन खिडकी पूर्ण उघडली. बाहेर पावसानंतरचे मळे, खाली मागचं अंगण, वारा बाहेरच्या बाजूला. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, उघडलं, पुन्हा लावलं. बाहेर जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या.

"मासे," त्यांनी बोट वर केलं, "खिडकी उघडून. दार लावून."

"या," मी म्हटलं, म्हणजे जर्मनमध्ये हो.

"एक ऑक्टोबरपासून." आणि माझ्याशी हात मिळवला. पाडायचं यंत्र चालवणाऱ्या बाईचा हात, माझी बोटं दुखली.

मंजिरी जिन्यातच बसली आणि रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडणं नंतर, खाली शेवया सुकतायत.

मंगळवार

सकाळी आठला फ्राउ हेबर्ले भाडेकरार घेऊन आल्या. मंजिरीने सही केली आणि कामाला गेली. मी पुण्याला फोन लावला.

"रोहितराव, घर झालं. करार आज फॅक्सने येतोय. व्हिसाच्या कचेरीत आजच वेळ घ्या."

 "आई, खरंच?"

"खरंच. आता फोनवर पैसे घालवू नका. ईशानची उंची किती झाली तेवढी सांगा."

त्यांनी सांगितली. मग मी मापाची टेप घेतली, फ्राउ हेबर्लेंना बरोबर घेतलं, वर गेले आणि खिडकीजवळच्या भिंतीला त्याचा पलंग बसतो का ते मोजलं. बसत होता.